वेदीमागची भिंत कुठं भरलेली, कुठं रिकामी… त्यामागची पार्श्वभूमी

मागं एका लग्नाला छत्रपती संभाजीनगरला कॅथलिक चर्चमधे गेलो होतो, सोबत भाची होती, सातवीतली. आत गेल्या गेल्या तिची नजर वर. वेदीमागं मोठा क्रूस, त्यावर येशूची मूर्ती, बाजूला मरिया. हळूच मला म्हणते, मामा, आपल्या चर्चमधे असं काहून नाही? आमचं चर्च जालन्याकडचं, पांढरी भिंत, सागवानी क्रूस आणि वर निळ्या अक्षरात ‘देव प्रीती आहे’, एवढंच. तिला वाटलं आपल्याकडं पैसा नव्हता म्हणून भिंत रिकामी राहिली. तसं नाहीये, आणि ते तिला नीट कळावं म्हणून हे लिहितोय.

सुरुवातीचे ख्रिस्ती लोक घरातच जमायचे, साधा टेबल, त्यावर भाकर आणि द्राक्षारस. तोच टेबल म्हणजे पुढची वेदी. पुढं मोठी चर्चं झाली तरी बरीच शतकं सजावट असायची ती वेदीच्या पुढच्या बाजूला नाहीतर वर छताच्या कमानीत. वेदीवर मागच्या बाजूला चित्र उभं करायची पद्धत साधारण ११व्या ते १३व्या शतकात युरोपात रुजली. तेव्हा फादर आणि लोक एकाच दिशेला तोंड करून उभे राहायचे, फादर भाकर डोक्याच्या वर उचलून दाखवायचे, म्हणजे सगळ्यांची नजर जायची ती नेमकी वेदीच्या वरच्या जागेवर. ती जागा मग रिकामी कशी राहणार!

आणि त्या चित्रांवर लोकांचा जीव किती होता बघा. इटलीतल्या सिएना गावात दुच्चो नावाच्या चित्रकारानं मरियेचं भलंमोठं चित्र केलं, ९ जून १३११ ला ते त्याच्या कारखान्यातून कॅथेड्रलमधे नेलं तर गावातली दुकानं बंद, घंटा वाजतायत, बिशपपासून बायापोरांपर्यंत सगळे हातात मेणबत्त्या घेऊन मागं चाललेत. आपल्याकडं पालखी निघते ना, अगदी तसंच. तेच चित्र १७७१ मधे करवतीनं कापून वेगळं केलं, त्याचे काही तुकडे आज लंडनला आहेत, काही अमेरिकेत. वाचलं तेव्हा पोटात कालवलं.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते ग्रुनेवाल्ड या जर्मन चित्रकाराचं इसेनहाइमचं चित्र, १५१२ ते १५१६ मधलं, आता फ्रान्समधे कोलमारच्या म्युझियममधे आहे. ते ज्या मठासाठी केलं तिथं एका भयंकर रोगाचे पेशंट यायचे, हातापायाची आग व्हायची, मग ते काळे पडून झडायचे. कारण काय तर राय नावाच्या धान्यावरची बुरशी. आपल्या शेतकऱ्यांना हे लगेच कळेल, कारण बाजरीवर येणारा अरगट त्याच जातकुळीतला, आधी कणसातून मधासारखं चिकट गळतं, मग दाण्याच्या जागी काळपट गाठी, म्हणून तर बाजरीचं बी मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगलेलं काढून टाकतात. तर त्या मठात पेशंटला या चित्रासमोर आणायचे. क्रुसावरच्या येशूचं अंग बघा, पूर्ण फोडांनी भरलेलं, बोटं वेदनेनं ताठ वाकडी झालेली. पडलेल्या माणसाला समोर आपल्यासारखाच देव दिसायचा. याच्याहून मोठं काम चित्रानं काय करावं, मला तरी सुचत नाही.

मग हे सगळं आपल्याकडून गेलं कुठं? १६व्या शतकात युरोपात धर्मसुधारणा झाली, म्हणजे बरेच ख्रिस्ती कॅथलिक चर्चपासून वेगळे होऊन प्रोटेस्टंट झाले, आपण त्यांच्यातलेच. दहा आज्ञांमधली ‘कोरीव मूर्ती करू नको’ ही आज्ञा काहींनी अक्षरशः घेतली. झुरिकच्या चर्चमधून १५२४ मधे चित्रं-मूर्ती काढल्या, १५६६ मधे नेदरलँड्समधे तर जमावानं शेकडो चर्चमधल्या मूर्ती फोडल्या. गेंट गावातलं व्हॅन आइक भावांचं १४३२ चं घडीच्या दारांचं चित्र तेव्हा चर्चच्या मनोऱ्यात लपवलं म्हणून वाचलं (त्याची एक फळी १९३४ मधे चोरीला गेली ती आजपर्यंत सापडली नाही). ही सुधारणा सुरू करणारा जर्मनीतला लूथर मात्र चित्रांच्या इतका विरोधात नव्हता, त्याच्या विटेनबर्गच्या चर्चमधे १५४७ पासून क्रानाख या चित्रकाराचं चित्र वेदीवर आहेच. इंग्लंडमधे चित्राच्या जागी दहा आज्ञा लिहिलेल्या पाट्या आल्या. स्कॉटलंड सगळ्यात कडक.

आणि जालन्याला आलं ते नेमकं स्कॉटलंडच. रेव्हरंड नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातले, १८४३ मधे बाप्तिस्मा घेतला, त्याच वर्षी तिकडं फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड वेगळं झालं. त्या मिशनचं काम त्यांनी निजामाच्या राज्यात जालन्याला उभं केलं, जवळच बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. त्या परंपरेत भिंतीवर वचन चालतं, मूर्ती नाही. म्हणून आमच्या भिंतीवर अक्षरं आहेत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षराला हात लावू दिला नव्हता अशा कितीतरी घरांतली माणसं या चर्चांत आली, त्यांच्यासाठी भिंतीवरचं वाचता येणं हेच केवढं होतं.

कॅथलिक बाजूला उलटं झालं. ट्रेंटला भरलेल्या कॅथलिक चर्चच्या परिषदेनं १५६३ मधे चित्रं-मूर्ती योग्यच आहेत असं ठरवलं, तेच पोर्तुगिजांसोबत गोव्याला आलं, सोन्याचा मुलामा दिलेल्या लाकडी वेद्या बघायच्या तर ओल्ड गोव्याला जा, मान दुखेपर्यंत वर बघत राहाल. पुढं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते ६५) फादर लोकांकडं तोंड करून मिस्सा (भाकर-द्राक्षारसाची उपासना) करायला लागले, वेदी भिंतीपासून पुढं आली, त्यामुळं नंतर बांधलेल्या चर्चमधे मागं बहुतेक क्रूस आणि एखाददुसरी मूर्तीच दिसते.

भाचीला समजवायला शेवटी अजिंठा कामी आला, शाळेच्या ट्रिपला जाऊन आली होती. १० नंबरच्या लेणीत नुसता साधा स्तूप, बुद्धाची मूर्तीच नाही, आणि काही शतकांनंतरच्या १९ आणि २६ नंबरमधे तशाच स्तूपावर समोर बुद्ध कोरलेला. ती म्हणाली, म्हणजे त्यांच्यात पण असंच झालं होतं? हो, म्हटलं.

आजीच्या घरात मात्र शेवटच्या भोजनाचं फ्रेम केलेलं चित्र होतं, ट्रंकेच्या बरोबर वर, काचेला तडा गेलेला. लिओनार्दोनं मूळ चित्र काढलं ते मिलानमधल्या मठाच्या जेवणघराच्या भिंतीवर, वेदीवर नाही. आजी चर्चमधे कधी चित्र मागायची नाही, पण रोज संध्याकाळी प्रार्थनेला बसायच्या आधी पदरानं ती काच पुसायची.