कचकड्याच्या कासवाचे पोट

हॉक्सबिल कासवाच्या पाठीची किंमत व्यापाऱ्यांना दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. त्याच्या पोटात काय जाते, हे नीट कळायला मात्र १९८८ साल उजाडले.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक ग्रंथात आफ्रिकेपासून मलबारपर्यंतच्या बंदरांतला माल नोंदवला आहे. त्यात कासवाचे कवच पुन्हा पुन्हा येते. अस्सल कचकडे ते हेच. बहुतेक समुद्री कासवांचे खवले कडेला कड लावून बसलेले असतात, हॉक्सबिलचे मात्र कौलांसारखे एकावर एक चढलेले. जाड, मधाच्या रंगाचे, मध्ये तपकिरी ढग. पाणी आणि उष्णता देऊन दाबले की गोंदाशिवाय एकजीव होतात. नागासाकीच्या कारागिरांनी त्याच्या फण्या, केसातले काटे, पुढे चष्म्याच्या फ्रेमी घडवल्या. सेल्युलॉइडचे कचकडे नक्कल म्हणून आले, तरी अस्सलची हाव सुटली नाही. १८४४ ते १९९२ या काळात सुमारे ९० लाख हॉक्सबिल या व्यापारात गेली, असा २०१९ मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. जपानने ‘साइट्स’ हा दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९८० मध्ये स्वीकारला, पण हॉक्सबिलपुरती सवलत राखून. आयात थांबली ती १९९२ च्या अखेरीस.

आता पोटाकडे. अ‍ॅन मेलन या अमेरिकी संशोधिकेने कॅरिबियन समुद्रातल्या हॉक्सबिलच्या पोटातले अन्न तपासले, तर ते जवळजवळ सगळे स्पंजच निघाले. स्पंज म्हणजे समुद्रात खडकाला चिकटून राहणारा साधा प्राणी, पण काही मऊ घास नव्हे. अनेकांच्या अंगात सिलिकाच्या बारीक सुया असतात, म्हणजे चक्क काच. काही विषारीही असतात. हे कासव ते सगळे पचवते, आणि त्याचे मांस खाऊन माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत. पोपटासारखी निमुळती चोच खडकाच्या फटीत घालून ते स्पंजाचे वरचे कडक आवरण फोडते. आतला गर उघडा पडला की एंजलफिश मासे लगेच जवळ घोटाळू लागतात. एरवी तो त्यांना सहज मिळत नाही.

प्रवाळाच्या दृष्टीने ही चराई मोलाची. स्पंज आणि प्रवाळ एकाच खडकावर जागेसाठी भांडतात, आणि स्पंज सरशी करून प्रवाळाला झाकू शकतो. पाठीवर टाकी बांधून शास्त्रज्ञ प्रवाळभित्तींत उतरू लागले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, शतकभराच्या शिकारीनंतर. त्यामुळे ज्याला आपण ‘मूळची’ भित्ती म्हणून मोजले, ती कासवे उणी झालेली भित्ती होती, असे माझे मत.

कॅरिबियनचा निष्कर्ष सगळीकडे डोळे झाकून लावू नये. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर हेच कासव शैवालही भरपूर खाते. भारतात त्याची मुख्य वीण अंदमान-निकोबारात. कासवांचे अभ्यासक सतीश भास्कर यांनी तिथल्या साउथ रीफ बेटावर महिनोन्‌महिने एकट्याने मुक्काम करून घरटी नोंदवली. (कोकणात वेळासला अंडी घालते ते ऑलिव्ह रिडले, हॉक्सबिल आपल्या किनाऱ्यावर क्वचितच दिसते.)

‘प्रवाळातले कासव’ ही ओळखही अपुरीच म्हणायची. पूर्व पॅसिफिकमधून ते जवळपास संपले, असे मानले जात होते. २००८ च्या सुमारास एल साल्वाडोर आणि निकाराग्वात ते सापडले, तेही खारफुटीच्या खाड्यांमध्ये. तोवर तिथे त्याला कोणी शोधलेच नव्हते; सगळे प्रवाळात बघत होते.