गांजा : एकाच वाणातील तीव्रतेची तफावत

एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या गांजाच्या झाडांत, एवढेच नव्हे तर एकाच झाडाच्या वरच्या व खालच्या शेंड्यांत, कैफ आणणाऱ्या टीएचसी या घटकाचे प्रमाण वेगवेगळे असते. १९६४ मध्ये गाओनी व मेशूलम यांनी इस्रायलमध्ये हा घटक शुद्ध रूपात वेगळा केला. ताज्या झाडात तो मुख्यतः टीएचसीए या आम्लरूपात असतो आणि मादी फुलोऱ्यावरील सूक्ष्म राळग्रंथींत साठतो. देठ व बियांत या ग्रंथी जवळजवळ नसतात.

‘वाण’ हा शब्द येथे जपून घ्यावा लागतो. गांजात नर व मादी झाडे बहुधा वेगळी असतात आणि परागण वाऱ्याने होते, त्यामुळे बियांपासून आलेली भावंडे सारखी निघत नाहीत. संकरित कापसाची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली की वावरात उंच-ठेंगू, लवकर-उशिरा फुटणारी झाडे एकत्र दिसतात. खानदेशातील शेतकऱ्याला हा प्रकार नवा नाही, आणि गांजाच्या बियाण्याचेही तसेच होते. कलमाने वाढवलेली रोपे मात्र जनुकीयदृष्ट्या बहुतांशी एक असतात, जशी जळगावकडील ऊतिसंवर्धित ग्रँड नैन केळीची. तरी एकाच बागेतील सगळे घड एका वजनाचे भरत नाहीत. भारतात बंदीमुळे बाजारातील गांजाच्या नावामागे प्रमाणित बियाणे नसते. कायदेशीर बाजार असलेल्या अमेरिकेतही २०१९ च्या एका जनुकीय अभ्यासात एकाच नावाचे नमुने परस्परांशी न जुळणारे आढळले.

आनुवंशिकतेचा वाटा नेमका कसा ठरतो, यावर मतभेद आहेत. टीएचसीए आणि सीबीडीए (कैफ न आणणाऱ्या सीबीडी या घटकाचे आम्लरूप) ही दोन्ही आम्ले सीबीजीए या एकाच पूर्वद्रव्यापासून दोन निरनिराळ्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) साहाय्याने बनतात. डी मायर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये संकर-प्रयोगांवरून असे सुचवले की, ही विकरे एकाच जनुकस्थानाच्या दोन सहप्रभावी (सोबत असता दोन्ही आपापला परिणाम दाखवणाऱ्या) पर्यायांमुळे ठरतात. पुढील जीनोम-वाचनात मात्र ही जनुके जवळजवळ बसलेली, पण स्वतंत्र आणि पुनरावृत्त डीएनएने वेढलेली दिसली. त्यामुळे ‘एक स्थान, दोन पर्याय’ हे चित्र आता ढोबळ मानणे अधिक योग्य. दोन्ही मतांतून निघणारा उपयुक्त निष्कर्ष एकच आहे : टीएचसी व सीबीडी यांचे परस्पर गुणोत्तर बऱ्याच अंशी जनुकांनी बांधलेले असते. एकूण राळ किती बनेल हे मात्र अनेक जनुके व परिस्थिती मिळून ठरवतात. म्हणून एका वाणात प्रकार स्थिर राहतो आणि टक्केवारी हलते.

झाडावरील जागेचा परिणाम स्पष्ट आहे. उजेडातील वरच्या शेंड्यांत प्रमाण सामान्यतः जास्त, सावलीतील खालच्या फुलोऱ्यात कमी. परागण होऊन बी धरले की अन्नद्रव्य बियांकडे वळते आणि बियांचे वजन वाढल्याने राळेची टक्केवारी उतरते. बंगालमधील जुन्या लागवडीत नर झाडे हुडकून उपटण्यासाठी ‘पोद्दार’ नावाचे जाणकार नेमत, त्याचे कारण हेच. वाऱ्यावर आलेल्या परागाने एकाच वावरातील काही झाडे बियाळ, काही बिनबियांची राहू शकतात. पाण्याचा ताण, उष्णता व काढणीची वेळ यांनीही फरक पडतो. नंदुरबारच्या बाजारात एकाच जातीची मिरची शेतागणिक कमीजास्त तिखट लागते, तसेच हे. अतिनील किरणांबाबत १९८७ मधील एका प्रयोगात कैफकारी प्रकारात टीएचसी वाढलेले, तर तंतूच्या प्रकारात न वाढलेले दिसले. २०२१ मधील प्रयोगात आजच्या जोमदार वाणांना त्याचा लक्षणीय लाभ आढळला नाही. नंतरचा प्रयोग सध्याच्या वाणांवरील असल्याने त्याला अधिक वजन द्यावे.

काढणीनंतरही प्रमाण घटत राहते. प्रकाश, हवा व उष्णतेने टीएचसी हळूहळू सीबीएन या सौम्य घटकात बदलतो. खोलीच्या तापमानात साठवलेल्या गांजाच्या एका मापनमालेत पहिल्या वर्षी सुमारे १७ टक्के, तर चार वर्षांत सुमारे ४१ टक्के घट नोंदली आहे. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याखालील मालाचा ऱ्हास त्यामुळे यापेक्षा वेगाने होणे संभवते. हाताळताना राळग्रंथी तुटून पोत्याच्या तळाशी चुऱ्यात उतरतात, म्हणून एकाच पोत्यातला वरचा माल सौम्य आणि तळचा चुरा तीव्र असू शकतो.

मापनातही चुका होतात. वायुवर्णलेखनात (गॅस क्रोमॅटोग्राफी) उष्णतेने आम्लरूपाचे टीएचसी होते, तर द्रववर्णलेखन (लिक्विड क्रोमॅटोग्राफी) दोन्ही वेगळे मोजते. तेथे आम्लाचा आकडा ०.८७७ ने गुणून टीएचसीत मिळवावा लागतो : २० टक्के टीएचसीए म्हणजे सुमारे १७.५ टक्के टीएचसी. ओलावा वगळला नाही तर कोरड्या मालातील १५ टक्के टीएचसी, मालात १२ टक्के ओलावा असताना, १३.२ टक्के दिसते. दोन प्रयोगशाळांचे आकडे पडताळताना आधी हे पाहावे. केवळ वरचे शेंडे तपासले तर आकडा फुगतो, म्हणून माल एकजीव करूनच नमुना घ्यावा लागतो.

शिरपूर तालुक्यातील सातपुडा पायथ्याला पोलिसांनी वेळोवेळी गांजाची झाडे जप्त केली आहेत. जप्तीच्या नियमांनुसार माल नीट मिसळून किमान २४ ग्रॅमचे दोन नमुने काढतात. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यानुसार ‘गांजा’ म्हणजे फुलोऱ्याचे वा फळधारी शेंडे. शेंड्यांसोबत नसतील तर बी व पाने त्यात मोडत नाहीत. अल्प प्रमाणाची मर्यादा १ किलो, व्यापारी प्रमाणाची २० किलो आहे. दोन्ही मर्यादा वजनावर ठरतात, टीएचसीच्या टक्केवारीवर नाहीत.