वेगवान इंटरनेट लोकांपर्यंत पोहोचवलंय? ‘डब्ल्यूएसआयएस’ पुरस्कारासाठी अर्ज असा करा

माहिती समाजावरची जागतिक शिखर परिषद, म्हणजेच डब्ल्यूएसआयएस, २००३ मध्ये जिनिव्हात आणि २००५ मध्ये ट्युनिसमध्ये भरली. माहिती तंत्रज्ञान सगळ्यांपर्यंत पोहोचावं म्हणून तिथे ठरलेल्या उद्दिष्टांना धरून काम करणाऱ्या प्रकल्पांना २०१२ पासून पुरस्कार दिले जातात. व्यवस्था आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ही संयुक्त राष्ट्रांची संस्था पाहते. हा सन्मान आहे, अनुदान नव्हे. निधी हवा असेल तर ही वाट तुमची नाही.

अर्ज कोण करू शकतं? सरकारी खाती, खासगी कंपन्या, स्वयंसेवी संस्था, विद्यापीठं, आंतरराष्ट्रीय संस्था, कोणत्याही देशातल्या. शुल्क नाही. मात्र प्रकल्प नुसता कागदावर असून भागत नाही, काम प्रत्यक्षात उभं राहिलेलं हवं.

बरेच जण अडखळतात ते वर्ग निवडताना. एकूण १८ वर्ग आहेत आणि ते ‘सी२’, ‘सी४’ अशा खुणांनी ओळखले जातात. केबल, टॉवर, वायफाय असं जाळं उभारलं असेल तर सी२, म्हणजे पायाभूत सुविधा. जाळं आधीपासूनच होतं आणि तुम्ही लोकांना ते वापरायला शिकवलंत, तर सी४, म्हणजे क्षमता बांधणी. परवानग्या, नियम, धोरण सोपं केलंत, तर सी६, म्हणजे पोषक वातावरण. फायबर टाकलं म्हणून डोळे झाकून सी२ निवडू नका. तुमच्या कामाचं वेगळेपण कुठे आहे, ते आधी पाहा.

अर्ज ऑनलाइन आणि इंग्रजीत भरायचा असतो. प्रकल्पाचं वर्णन, त्याचा संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांशी संबंध, भागीदार कोण, तो दुसरीकडे राबवता येईल का आणि पुढे टिकेल का, हे त्यात मांडावं लागतं. फॉर्म उघडण्याआधीच आकडे गोळा करून ठेवा. काम सुरू होण्यापूर्वीचा आणि नंतरचा डाउनलोड-अपलोडचा वेग, मासिक दर, बिघाड दुरुस्त व्हायला लागणारा वेळ. आणि एक फरक कटाक्षाने पाळा: केबल किती घरांच्या दारावरून गेली आणि किती घरांनी जोडणी घेतली, हे दोन निराळे आकडे आहेत. पहिला मोठा दिसतो, म्हणून तोच लिहायचा मोह होतो. पण जाणकार परीक्षक दुसरा विचारणारच. सोबत फोटो, करारपत्रं, जमल्यास तटस्थ मूल्यमापनाचा अहवाल हाताशी असू द्या.

आलेल्या अर्जांमधून तज्ज्ञ नामांकनं काढतात. त्यानंतर जनतेचं ऑनलाइन मतदान होतं. प्रत्येक वर्गातले सर्वाधिक मतांचे ५ प्रकल्प ‘चॅम्पियन’ ठरतात आणि त्यांतून तज्ज्ञगट १ विजेता निवडतो. म्हणजे मतं कमी पडली तर उत्तम प्रकल्पही तज्ज्ञांच्या अंतिम निवडीपर्यंत पोहोचत नाही. (मोठ्या संस्थांचं इथे फावतं, हे खरंच.) मतदानासाठी खातं उघडावं लागतं, त्यामुळे ‘लिंकवर क्लिक करा’ एवढं सांगून मतं पडत नाहीत. जोडणी घेतलेल्या कुटुंबांना नोंदणी कशी करायची ते मतदानाआधीच दाखवून ठेवा.