पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोवेकरांचा ओसीआय अर्ज: नेमका अडतो कुठे?

परवा डिचोलीचे एक काका आले. प्लास्टिकच्या पिशवीत तीन कागद जपून आणलेले: लिस्बनचा जन्मदाखला, नवाकोरा पोर्तुगीज पासपोर्ट आणि अजून चार वर्षं मुदत असलेला भारतीय पासपोर्ट. पहिले दोन माझ्या पुढ्यात ठेवले, तिसरा परत पिशवीत घातला. म्हणाले, "हा असू दे. पडून राहिला तर काय खातो?"

ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्डाचा अर्ज गोव्यात अडतो तो बहुतेक वेळा या तिसऱ्या पासपोर्टापाशीच. म्हणून सुरुवात तिथूनच करतो. फोटो, सही, फी यांचं पुढे दोन ओळींत उरकू.

आधी एक गैरसमज दूर करू. ओसीआयच्या नावात 'सिटिझन' आहे, पण ते नागरिकत्व नाही. परदेशी नागरिकाला भारतात ये-जा करायला आणि राहायला दिलेला तो आजीवन परवाना आहे. भारतीय नागरिकत्व आहे तोवर ओसीआय मिळत नाही, आणि परदेशी पासपोर्ट हातात पडला की भारतीय नागरिकत्व राहत नाही. नागरिकत्व कायदा १९५५ चं कलम ९ हेच सांगतं. २००९ च्या नियमांत तर स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळवला असेल, तर त्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा तो निर्णायक पुरावा. "मी तर नुसता पासपोर्ट घेतला, नागरिकत्व कुठे घेतलं?" हे वाक्य मी आठवड्याला एकदा तरी ऐकतो. त्याचा काही उपयोग होत नाही.

पात्रता, आणि दोन सरकारांचे दोन हिशेब

ओसीआयच्या पात्रतेच्या यादीत, म्हणजे कलम ७अ मध्ये, एक कलमवजा ओळ जणू आपल्यासाठीच आहे: १५ ऑगस्ट १९४७ नंतर जो प्रदेश भारताचा भाग झाला, त्या प्रदेशातली व्यक्ती. तिची मुलं, नातवंडं, पतवंडंही चालतात. पाकिस्तान किंवा बांगलादेशाचं नागरिकत्व स्वतःचं, आईवडिलांचं, आजी-आजोबांचं वा पणजी-पणजोबांचं कधीही असेल, तर मात्र अर्ज बाद. परदेशी जोडीदाराला लग्नाची नोंदणी आणि दोन वर्षांचा टिकलेला संसार दाखवावा लागतो.

गोवेकर बहुधा पात्र असतोच. गुंता तारखांचा आहे, आणि तो अर्जदाराने केलेला नाही.

१९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. भारताने बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण, दीव २० डिसेंबर १९६१ पासून आपले धरले. पोर्तुगालने ते मान्यच केलं नाही. शरणागतीच्या आदल्याच दिवशी सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा ठराव आला होता, तो सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकाराने पडला. पुढे तेरा वर्षं लिस्बनच्या कागदांवर आपण पोर्तुगीज आणि दिल्लीच्या कागदांवर भारतीय. पोर्तुगालात एप्रिल १९७४ मध्ये हुकूमशाही कोसळली आणि ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला. आपल्या बाजूने परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण, त्यांच्या बाजूने मारियो सोआरेस. पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मानलं, तेही त्या दिवसापासून नव्हे, तर हे प्रदेश भारतीय राज्यघटनेनुसार भारतात आले त्या तारखेपासून.

जमिनीचा वाद मिटला, माणसांचा हिशेब मात्र दोन्हीकडे वेगळाच राहिला. लिस्बन म्हणतं, पोर्तुगीज राजवटीत जन्मलेला माणूस जन्मतःच आमचा, आम्ही त्याची नोंद फक्त आता करतोय. दिल्ली म्हणते, तू १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने भारतीय झालास आणि परकं नागरिकत्व घेतलंस त्या दिवशी भारतीय राहिला नाहीस. एकाच कागदाला एक सरकार 'आधीपासून होतंच' म्हणतं आणि दुसरं 'आता घेतलंस' म्हणतं. अर्ज दिल्लीच्या दारात करायचा असेल, तर हिशेब दिल्लीचाच धरावा लागतो.

१९६२ चा आदेश लोक हमखास उलटा वाचतात. "आमच्या आज्याने तेव्हा कसलीच सही केली नाही, म्हणजे तो पोर्तुगीजच राहिला," असं सांगतात. नेमकं उलट आहे. ज्याने काहीच केलं नाही तो आपोआप भारतीय झाला. ज्याला दुसरं नागरिकत्व ठेवायचं होतं, त्याला एका महिन्यात लेखी कळवायचं होतं. तसं कळवणारे थोडे होते. त्यांतल्या मॉन्सिन्योर रेमेदियुस मोंतेरो या धर्मगुरूंना परवान्याशिवाय राहिल्याबद्दल विदेशी नागरिक कायद्याखाली शिक्षा झाली आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. जन्म इथलाच, पण कागदावर परदेशी.

सरेंडर की रिव्होकेशन

आता तो तिसरा पासपोर्ट. परदेशी नागरिकत्व मिळालं की भारतीय पासपोर्ट पासपोर्ट कार्यालयात जमा करायचा आणि सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं. ओसीआयच्या अर्जाला हा कागद लागतो.

पण गोव्यात लोक काय करतात? लिस्बनमध्ये जन्मनोंदणी होते, पोर्तुगीज पासपोर्ट यायला वेळ लागतो, मधल्या काळात भारतीय पासपोर्टवर दुबईची एक फेरी होते. कोणी तर जन्मनोंदणीनंतर भारतीय पासपोर्टचं नूतनीकरण करून घेतो. मग जमा करायला गेल्यावर कार्यालय म्हणतं, तुम्ही माहिती दडवून हा पासपोर्ट वापरलात. असा पासपोर्ट जमा करून घेत नाहीत, पासपोर्ट कायद्याच्या कलम १० खाली रद्द करतात. त्याचा कागद वेगळा, रिव्होकेशन सर्टिफिकेट. २०२२ नंतर अशी प्रकरणं वाढली आणि माणसं अधांतरी लटकली: भारतीय नाहीत, सरेंडरचा कागद नाही, म्हणून ओसीआयही नाही. स्वतःच्या घरी परदेशी म्हणून व्हिसा काढून राहायचं. बराच आरडाओरडा झाल्यावर २०२४ मध्ये केंद्राने सरेंडरऐवजी रिव्होकेशनचा कागदही ओसीआयसाठी ग्राह्य धरायचं ठरवलं.

म्हणून पासपोर्ट रद्द झाला असेल तर घाबरून घरी बसू नका. रद्द केल्याचा आदेश आणि सर्टिफिकेट दोन्ही मागून घ्या, आणि अर्जात सरेंडरच्या जागी तेच जोडा. खिडकीवरचा माणूस कधी कधी जुनीच यादी पुढे करतो. भांडू नका, पण "लेखी द्या" एवढं जरूर म्हणा.

नुसती जन्मनोंदणी म्हणजे नागरिकत्व घेणं होतं का, यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद घातला गेलाय. वकिलांना घालू दे. तुम्ही मात्र लिस्बनचा कागद आल्यानंतर भारतीय पासपोर्टवर एकही शिक्का उठवू नका.

नावाची भानगड

हिंदू घरांतल्या अर्जांची खरी डोकेदुखी ही. पोर्तुगीज काळच्या नोंदीत प्रभूचा पोरोबो झालाय, कामतचा कामोतीम, शेणवीचा सिनाय, पांडुरंगाचा पांडुरोंगा. 'श' साठी रोमन एक्स वापरलेला असतो, त्यामुळे शंकर शोधताना 'एस' खाली शोधाल तर सापडायचा नाही. शाळेच्या दाखल्यावर मग तिसरंच स्पेलिंग. चर्चमध्ये निदान बाप्तिस्म्याची नोंद असते, आपल्याकडे तीही नाही. सगळी मदार सिव्हिल रजिस्ट्रारच्या वहीवर.

संगणकावरचा छोटा दाखला पुरत नाही. मूळ नोंदीची पूर्ण नक्कल, जिला आपल्याकडे 'तेओर' म्हणतात, ती काढा. जुनी वही पणजीच्या पुराभिलेख खात्यात गेली असेल तर तिथून काढा. सर्वांत मोठी चूक लोक करतात ती पुढे: घाईघाईने प्रतिज्ञापत्र करून 'दोन्ही नावं माझीच' असं नोटरीकडून लिहून आणतात आणि त्यात तिसरंच स्पेलिंग टाकतात. प्रत्येक दाखल्यावर जसं आहे तसं, अक्षर न् अक्षर उतरवून मगच सही करा. अर्जातलं नाव मात्र परदेशी पासपोर्टवर आहे तेच लिहा, कितीही परकं वाटलं तरी.

अर्ज भरताना

अर्ज सरकारी ओसीआय संकेतस्थळावर भरतात. भारतात अर्ज केला तर फी १५,००० रुपये. फोटो चौकोनी, पार्श्वभूमी फिकट पण पांढरी नको. लग्नाच्या फोटोतून कापलेला चेहरा चालत नाही, तरी दर महिन्याला कोणीतरी पाठवतोच. जोडायचे कागद: परदेशी पासपोर्ट, सरेंडर किंवा रिव्होकेशन, जुना भारतीय पासपोर्ट वा जन्म-वास्तव्याचा पुरावा, आणि मुलांच्या अर्जात आईवडिलांशी नातं दाखवणारा जन्मदाखला.

कार्ड मिळाल्यावर: लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांनी हे वाचा

मतदान नाही, निवडणूक नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. बोलण्याचं मात्र कोणी विचारत नाही. राज्यघटनेचं कलम १९ भाषणस्वातंत्र्य देतं ते नागरिकांना. ओसीआयवाल्याच्या पाठीशी कलम १४ (कायद्यापुढे समानता) आणि २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) उरतं. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआयधारकाला पत्रकारिता, संशोधन, मिशनरी वा तबलिगी काम करायचं तर आधी खास परवानगी लागते. राज्यघटनेविषयी अप्रीती दाखवली, या कारणाने कलम ७ड खाली कार्ड रद्दही होऊ शकतं. मात्र रद्द करण्याआधी म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते, हे ध्यानात ठेवा.

इंग्लंडमधल्या स्विंडनहून निवृत्त होऊन परतलेले एक मास्तर इथल्या मराठी वृत्तपत्रात सदर लिहू बघतात. त्यांना मी सांगितलं, सदर सुरू करण्याआधी विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात लेखी विचारा आणि पोच घ्या. ते हसले. म्हणाले, माझ्या बापाने गायतोंडे डॉक्टरांची गोष्ट सांगितली होती. १९५४ मध्ये एका मेजवानीत कोणीतरी गोवा म्हणजे पोर्तुगालच, असं म्हटलं. डॉ. पुंडलिक गायतोंडे 'मी निषेध करतो' एवढंच बोलले आणि अटक होऊन थेट लिस्बनला रवाना झाले. मास्तरांना म्हटलं, आज तसं कोणी करणार नाही, पण पोच घ्याच.

आणि मतदारयादी. तुमचं नाव तिथे अजून असेल. पंचायत निवडणुकीच्या दिवशी शेजारी हाक मारतो, तुम्ही सवयीने जाता, बोटाला शाई लागते आणि तो गुन्हा होतो. ओसीआयच्या अर्जाआधीच फॉर्म ७ भरून नाव वगळून घ्या. परदेशी पासपोर्ट बदलला की, वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत दर वेळी आणि पन्नाशीनंतर एकदा, तीन महिन्यांत नवा पासपोर्ट आणि फोटो संकेतस्थळावर चढवा. त्याला फी नाही.

डिचोलीच्या काकांनी शेवटी पिशवीतून तो तिसरा पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. जन्मनोंदणीनंतरचे शिक्के मोजले, दोन निघाले. म्हणजे सरेंडर नव्हे, रिव्होकेशनची तयारी. सोमवारी पुन्हा बोलावलंय, तेओर घेऊन.