गॅस गिझरच्या बाधेनंतर: त्याच दिवशीची इजा आणि उशिरा उमटणारी इजा

कोल्हापुरात थंडी पडली की न्हाणीघराची खिडकी लावून घेतात आणि आत गॅस गिझर चालू असतो. गिझरच्या ज्वालेतून निघून आत कोंडलेल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने माणूस बेशुद्ध पडतो, ऑक्सिजनवर शुद्धीत येतो. त्यानंतर मेंदूचं दुखणं दोन वाटांनी येऊ शकतं.

पहिली वाट त्याच दिवसाची. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो, त्यामुळे मेंदूची उपासमार होते. ग्लोबस पॅलिडस हा खोलवरचा भाग लवकर दगावतो. शुद्धीवर आल्यापासूनच विसर, हातापायांत ताठरपणा दिसतो; मधे चांगले दिवस नसतात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, म्हणून सुधारणेला मर्यादा पडते.

दुसरी वाट फसवी आहे. माणूस ठणठणीत घरी येतो, आणि २ ते ४० दिवसांनी, बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, घसरतो. आयुष्यभर तांबडा-पांढरा रस्सा केलेल्या आजी कांदा-खोबरं भाजून ठेवतात आणि पुढे काय करायचं ते न सुचून कढईपुढे उभ्या राहतात. मग बोलणं आटतं, पावलं आखूड पडतात, कपड्यांत लघवी होते. घरचे म्हणतात, म्हातारचळ लागला. पण म्हातारपणाचा विसर वर्षानुवर्षं वाढतो, हा काही दिवसांत वाढतो. पक्षाघात बहुधा एका बाजूला आणि अचानक होतो. इथे दोन्ही बाजू मंदावतात. मेंदूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण झडतं आणि एमआरआयमध्ये दोन्हीकडचा पांढरा भाग बिघडलेला दिसतो.

रक्ततपासणीत तेव्हा काहीच सापडत नाही. साध्या हवेतही या वायूचं प्रमाण ४ ते ६ तासांत निम्म्यावर येतं. म्हणून गिझरची घटना आणि तिची तारीख न्यूरॉलॉजिस्टना आपणहून सांगा, डिस्चार्ज कार्ड दाखवा. ती माहिती नसेल तर निदान सहज चुकू शकतं.

इतकी भीतीदायक अवस्था असूनही आशा याच प्रकारात जास्त. दक्षिण कोरियात १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, पाठपुरावा झालेल्या अशा रुग्णांपैकी ७५ टक्के वर्षभरात सावरले. काहींची स्मरणशक्ती थोडी कमी राहिली, काहींचा ताठरपणा उरला. हमखास उतारा असं औषध नाही. पार्किन्सनवर (कंपवातावर) देतात ते लेव्होडोपा हे औषध इथे सहसा उपयोगी पडत नाही. म्हणून हे महिने सांभाळणं हाच मोठा उपचार: रोज फिजिओथेरपी, झोपून असतील तर दर २ तासांनी कूस बदलणं, भरवताना बसवून लहान घास देणं, लघवीला ठरल्या वेळी नेणं. दुसऱ्या महिन्यात काहीच फरक नाही म्हणून व्यायाम सोडणारी घरं आहेत. तसं करू नका. आखडलेले सांधे नंतर मोकळे करणं फार अवघड जातं.

घरी आलेला माणूस बरा दिसला तरी पहिले सहा आठवडे त्याला एकट्याने गाडी चालवू देऊ नका. आठवड्यातून एकदा सुट्टे पैसे मोजायला द्या, शर्टाची बटणं लावताना बघा. चुकायला लागला की पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.