तापमानवाढीचा वाटा आणि कंपनीचा वाटा

हवामानबदलामुळे होणाऱ्या हानीची भरपाई कोणी द्यावी, या चर्चेत दोन प्रश्नांची हमखास गल्लत होते. एखाद्या आपत्तीमागे मानवनिर्मित तापमानवाढ कितपत आहे, हा पहिला प्रश्न. आणि त्या तापमानवाढीत अमुक एका कंपनीचा वाटा किती, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर संभाव्यतेच्या भाषेत मिळते. माणसाने हरितगृह वायू सोडलेच नसते तर हवामान कसे असते, हे संगणकीय प्रारूपांत मांडून त्याची आजच्या हवामानाशी तुलना केली जाते. युरोपातील २००३ च्या उष्णतेच्या लाटेविषयीचा २००४ सालचा अभ्यास सांगतो की, तशा उन्हाळ्याचा धोका मानवी प्रभावामुळे बहुधा दुपटीहून अधिक झाला होता.

दुसऱ्याचे उत्तर जमाखर्चाचे आहे. कोणी किती कोळसा जाळला वा किती तेल विकले, याच्या नोंदींवरून उत्सर्जन मोजले जाते. त्यासाठी आपत्ती घडलेली असण्याचीही गरज नसते.

पेरूमधील वारास शहराच्या खटल्यात हे दोन्ही हिशेब एकत्र आले. शहराच्या वर, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर पाल्काकोचा हा हिमनदीचा तलाव आहे. १९४१ साली तो फुटून शहरात किमान १,८०० माणसे दगावली, आणि हिमनदी मागे हटत गेल्याने आता तो पुन्हा फुगला आहे. ही हिमनदी मानवनिर्मित तापमानवाढीमुळेच आक्रसली, असे २०२१ च्या एका अभ्यासाने जवळजवळ निश्चितपणे दाखवले. तेथील एका शेतकऱ्याने २०१५ मध्ये आरडब्ल्यूई या जर्मन वीज कंपनीवर दावा लावला. जगाच्या औद्योगिक उत्सर्जनात कंपनीचा वाटा ०.४७ टक्के, म्हणून तलावापासून संरक्षणाच्या खर्चाचा तेवढाच भाग, म्हणजे सुमारे १७,००० युरो, तिने द्यावा, एवढीच त्याची मागणी होती. इतकी मोजूनमापून केलेली मागणी मला अत्यंत न्याय्य वाटते.

२८ मे २०२५ रोजी जर्मनीतील हाम येथील न्यायालयाने दावा फेटाळला. मात्र मोठ्या उत्सर्जकाला तत्त्वतः जबाबदार धरता येते, आणि पेरू दूर आहे ही सबब चालणार नाही, हे स्पष्टपणे मान्य केले. दावा अडला तो तिसऱ्याच प्रश्नावर: येत्या तीस वर्षांत पुराचे पाणी या शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचण्याची शक्यता तज्ज्ञांनी सुमारे एक टक्का ठरवली, आणि न्यायालयाला ती अपुरी वाटली. गोठलेले कडे वितळून कोसळण्याचा वाढता धोका त्या आकड्यात पुरेसा धरला गेला नाही, असा वादीपक्षाचा आक्षेप होता.