आग एका हद्दीत, बंब तीन शहरांचे: फायर रिपोर्ट कोणाकडून घ्यायचा?

डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला मोठे स्फोट झाले. अशा वेळी एका शहराचे बंब पुरत नाहीत, शेजारच्या शहरांतून गाड्या मागवाव्या लागतात. ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई यांची अग्निशमन दले वेगवेगळी आहेत आणि एमआयडीसीचे दल आणखी वेगळे. पुण्याकडेही पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) अशी स्वतंत्र दले आहेत. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे नगरपालिका-महापालिकांचे काम म्हणून नोंदलेले आहे, त्यामुळे हद्दी पडल्या.

आग हद्द पाहत नाही, आणि जवानही पाहत नाहीत. शेजारच्या दलाची मदत मागण्यासाठी नागरिकाला कसलाही अर्ज करावा लागत नाही. घटनास्थळी पोचलेला अधिकारी आगीचा अंदाज घेऊन नियंत्रण कक्षाला कळवतो आणि तिथून शेजारच्या कक्षाला फोन जातो. आपले काम एवढेच की १०१ किंवा ११२ वर वर्दी, म्हणजे आगीची खबर, देताना आधी शहराचे किंवा गावाचे नाव सांगायचे, मग जवळची ठळक खूण. हद्दीजवळ राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण मोबाइलवरून लावलेला १०१ चा फोन शेजारच्या शहरातही लागू शकतो.

खरा गोंधळ आग विझल्यावर सुरू होतो. विमा कंपनी फायर रिपोर्ट, म्हणजे अग्निशमन दलाचा आगीबद्दलचा अहवाल, मागते. पहिली गाडी शेजारच्या शहराची आली होती, पाणीही त्यांनीच मारले, मग रिपोर्ट कोणाचा? साधारणपणे ज्या दलाच्या हद्दीत आग लागली, अर्ज त्याच दलाकडे करायचा. बाहेरून आलेली गाडी मदतीची असते आणि तिची नोंद तिच्या स्वतःच्या स्टेशनात राहते. ग्रामपंचायतीसारख्या ठिकाणी स्वतःचे दलच नसेल, तर जे दल विझवायला आले त्याच्याकडे जावे लागते. म्हणून धावपळीतही कोणीतरी एकाने आलेल्या प्रत्येक गाडीचे शहर, स्टेशन आणि पोचल्याची वेळ लिहून ठेवावी. दोन महिन्यांनी ते आठवत नाही, आणि कागदपत्रांत पहिला अडथळा तिथेच येतो.

अर्ज जागेचा मालक किंवा भाडेकरू करू शकतो. जळाली ती सोसायटीची सामाईक जागा, म्हणजे मीटर रूम किंवा जिना असेल, तर सचिवाने सोसायटीच्या लेटरहेडवर करावा. मालक हयात नसेल तर वारसाने, मृत्यू दाखला आणि नात्याचा पुरावा जोडून. दुसऱ्या कोणाला पाठवायचे असेल तर अधिकारपत्र द्यावे.

साध्या अर्जात घटनेची तारीख, वेळ, पूर्ण पत्ता, काय जळाले आणि रिपोर्ट कशासाठी हवा हे लिहावे. सोबत ओळखपत्र, मालमत्ता कराची पावती किंवा वीजबिल, भाडेकरूसाठी भाडेकरार, दुकान असल्यास त्याचा परवाना, पोलिसांच्या पंचनाम्याची प्रत असल्यास तीही, विमा पॉलिसी आणि फोटो. मूळ कागद हाती ठेवून प्रती द्या आणि पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शुल्क प्रत्येक संस्थेचे वेगळे असते. हद्दीबाहेर आलेल्या गाडीचे शुल्कही काही ठिकाणी आकारले जाते, त्याची पावती जपून ठेवावी.

रिपोर्टमध्ये आगीचे ठिकाण, वर्दीची वेळ, विझवण्याचे काम आणि संभाव्य कारण येते. नुकसानीची रक्कम ठरवणे हे विम्याच्या सर्वेक्षकाचे काम, त्यासाठी अग्निशमन दलाशी वाद घालून उपयोग नाही. मोठ्या इमारतीच्या बाबतीत आणखी एक कागद पुढे येतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आगरोधक यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ‘ब’, दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. ते वेळेवर दिलेले नसेल तर दाव्यात प्रश्न उपस्थित होऊ शकतात. माझ्या मते सोसायट्यांनी वार्षिक सभेत हा विषय दर वर्षी पहिला घ्यायला हवा.

रिपोर्ट रखडला, आणि ही सेवा तुमच्या महापालिकेने लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित केलेली असेल, तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील करता येते. मदतीला आलेल्या शेजारच्या दलाची वर्दीची नोंद हवी असेल, तर त्या महापालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. त्या अर्जात गाडी कुठे आणि किती वाजता पोचली, हे तुम्ही आगीच्या दिवशी लिहून ठेवलेल्या नोंदीवरून भरता येईल.